चेसिसला तडा असलेला जुना पिकअप फॅब्रिकेशनच्या कामासाठी घ्यावा का?

हुडकेश्वरचा ग्रिलवाला

नमस्कार. हुडकेश्वर रोडवर माझे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. वर्षभर ग्रिल, गेट आणि जिन्याचे कठडे, तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत कूलरच्या बॉड्या आणि त्यांचे स्टँड असे काम चालते. लोहा ओळीतून, म्हणजे नागपूरच्या लोखंड बाजारातून, माल आणणे आणि तयार काम बेसा, मनीषनगर, कधी थेट बुटीबोरीपर्यंत पोहोचवणे यासाठी आजवर मी भाड्याचीच गाडी लावत आलो. महिन्याला बारा-पंधरा फेऱ्या होतात आणि एका फेरीचे सातशे ते अकराशे रुपये जातात. पैशांपेक्षा खोळंबा जास्त त्रासाचा आहे. लग्नसराईत आणि संत्र्याच्या हंगामात गाडीच मिळत नाही, तयार गेट दुकानासमोर उभे राहते, दोन माणसांची मजुरी फुकट जाते आणि गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आता सव्वा टनाच्या वर्गातला, २०१५ सालचा एक पिकअप पाहण्यात आला आहे. पासिंग एमएच ४०, म्हणजे नागपूर ग्रामीणचे आहे, सध्याचा मालक तिसरा आहे आणि मीटरवर १,६८,००० किलोमीटर दिसतात. मागणी २ लाख ६० हजारांची आहे. त्याच सालच्या दोन गाड्या मी याआधी पाहिल्या, त्या सव्वातीन लाखांच्या खाली यायला तयार नव्हत्या. ही गाडी स्वस्त का, याचे कारण मालकाने स्वतःच सांगितले. मागच्या उजव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) पुढच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, तडा आहे. "तुम्ही वेल्डिंगवालेच आहात, तुम्हाला हे अर्ध्या तासाचे काम," असे तो म्हणाला, आणि माझ्याही मनात तेच आले होते. मी एकोणीस वर्षांपासून वेल्डिंग करतो आहे.

हा तडा मी स्वतः जोडला तर गाडी कामाची राहील का, आणि इंजिन-गिअरबॉक्स घेण्याआधी कसे तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे एकूण साडेतीन लाख रुपये आहेत आणि त्यातच दुरुस्तीही बसवायची आहे.

वाडीचा मेकॅनिक

भाऊ, सर्वांत आधी हे सांगतो की लोखंडाच्या कामासाठी तुम्ही वर्ग बरोबर निवडला आहे. पुष्कळ लोक स्वस्त पडतो म्हणून छोटा हत्ती घेतात. तो भाजी, पाण्याचे कॅन, बेकरी अशा कामाला उत्तम आहे, पण पत्रे आणि अँगल त्याच्यावर रोज लादले तर वर्षभरात पाटे सपाट होतात. तुमच्या कामाला बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा याच वर्गातली गाडी हवी.

वेल्डिंगबद्दल माझ्याहून अधिक जाणणारे लोक येथे आहेत, म्हणून मी तपासणीचे सांगतो. गाडी पाहायला सकाळी लवकर आणि न कळवता जा. मालकाने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर अर्धी माहिती तेथेच हरवते. बोनेटखाली हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा, मगच चावी फिरवा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हायला हवे. सुरू होताना थोडा धूर चालतो. पण दहा मिनिटांनंतरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे, आणि पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. त्यानंतर इंजिन चालू असतानाच ऑइलचे झाकण सैल करून नुसते वर ठेवा. झाकण जागच्या जागी किंचित थरथरत राहिले तर ठीक, पण उडून पडू लागले आणि भकाभका वाफ आली तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेले आहेत. अशा इंजिनाच्या पूर्ण बांधणीचा खर्च तुमच्या उरलेल्या नव्वद हजारांतला मोठा वाटा खाऊन टाकेल. डिझेलचा पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा आहे की इंजिन कॉमन रेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, आहे, हेही विचारून घ्या, कारण कॉमन रेलच्या इंजेक्टरची दुरुस्ती बरीच महाग पडते.

क्लचसाठी एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन झटक्यात बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन आरामात फिरत राहिले तर प्लेट संपली आहे. चालवताना दुसरा गिअर आपोआप सुटतो का ते पाहा, आणि चाळीस-पन्नासच्या वेगाला अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून घरघर येते का तेही कान देऊन ऐका, कारण ती घरघर मागची चाके फिरवणाऱ्या क्राऊन-पिनियन गिअरची असते.

आपल्या नागपुरात आणखी एक परीक्षा मी कधीही चुकवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तेव्हा अर्धवट चोंदलेला रेडिएटर लगेच उघडा पडतो. जानेवारीत मात्र तीच गाडी शहाण्यासारखी वागते. म्हणून हवा कशीही असो, गाडी दुपारी चालवा, शक्य असल्यास थोडा माल टाकून चालवा आणि तापमानाचा काटा पाहत राहा. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. तसे केलेले असेल तर मूळ दोष रेडिएटरमध्ये किंवा वॉटर पंपात तसाच बसलेला आहे, असे समजावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या गाडीने दहा वर्षे काय वाहिले, ते शोधून काढा. मालक सांगणार नाही, पण हौदा सांगतो. हौद्याच्या उघडणाऱ्या फाळक्याच्या बिजागरीत आणि कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हर घालून उकरा. वाळलेली रेती निघाली तर गाडी कन्हान नदीच्या रेतीघाटावर राबली आहे, आणि रेती कोणीही कागदावरच्या वजनाएवढी भरत नाही. तळाचा पत्रा खालून पापुद्रे सुटल्यासारखा गंजला असेल तर खत वाहिले आहे.

बॉडीबिल्डर, कामठी रोड

तडा तुम्ही जोडू शकता, पण तो टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे. मी हौदे बांधण्याच्या आणि चेसिसच्या कामात सव्वीस वर्षे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्रिल एका जागी उभी असते, चेसिस मात्र दिवसभर पिळला जातो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असे झाले की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या विरुद्ध दिशांना वळतात, आणि हे एका फेरीत हजारो वेळा घडते. चेसिसचा पोलादही आपल्या अँगलपेक्षा वेगळ्या जातीचा, जास्त ताण सोसणारा असतो. त्यावर आपण ग्रिलसाठी वापरतो ती ६०१३ ची रॉड ओढली तर जोड दिसायला सुंदर येईल, पण जोडाला लागून बोटभर रुंदीचा जो भाग तापून थंड झालेला असतो, तो कमकुवत होतो आणि पुढचा तडा नेमका तेथून जातो. माझ्याकडे जोडलेले चेसिस पुन्हा तुटून येतात, तेव्हा दहातल्या आठ-नऊ वेळा जोड शाबूत असतो आणि त्याच्या कडेची पट्टी गेलेली असते.

नीट काम करायचे असेल तर आधी तड्याचे खरे टोक शोधावे लागते. डोळ्याला दिसते त्याच्यापुढे तो केसासारखा बारीक होऊन गेलेला असतो. रंग घासून काढा, डिझेलने ओले करून कोरडे पुसा आणि वर खडूची पूड लावा. आत मुरलेले डिझेल थोड्या वेळाने बाहेर येऊन काळी रेघ उमटवते. त्या रेघेच्या टोकाच्या किंचित पुढे छिद्र पाडायचे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तडा खोबणीसारखा घासून, ७०१८ ची लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये सुकवून वापरायची, कारण पावसाळ्यात हवेतला ओलावा खाल्लेली रॉड जोडातच नवा तडा निर्माण करते. आतून लावायच्या आधाराच्या पट्टीची टोके सरळ कापायची नाहीत, निमुळती करायची, आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांवर वेल्डिंग किंवा छिद्र शक्यतो करायचेच नाही, कारण सर्वांत जास्त ताण तेथेच येतो. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांची खराबी करतो.

एवढे सगळे केल्यावरही मी गिऱ्हाइकाला विचारतो की तडा एकच आहे का. चेसिस एका जागी आपणहून तुटत नाही. तो आधी वाकतो, मग पिळला जातो आणि शेवटी ब्रॅकेटजवळ फाटतो. म्हणून तडा बाजूला ठेवा आणि गेट काटकोनात आहे की नाही हे आपण जसे कर्ण मोजून पाहतो, तसा चेसिस मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, दोन्ही बाजूंच्या सारख्या छिद्रांमधून ओळंबा सोडून खाली खुणा करा, गाडी पुढे घ्या आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण जुळले तर तडा दुरुस्त करण्याजोगा आहे. अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर गाडी सोडून द्या. मग ती दीड लाखाला मिळत असली तरी तुमच्या कामाची नाही.

काटोलचा बागायतदार

मी यंत्रातला जाणकार नाही, पण कागदांच्या बाबतीत पोळलेला आहे, म्हणून लिहितो. अंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात नेण्यासाठी मी सहा वर्षांपूर्वी जुना पिकअप घेतला. पैसे दिले, गाडी घरी आली आणि नाव चढवायला गेलो तेव्हा कळले की आरसीवर कर्जाची नोंद अजून आहे. मधल्या माणसाने "कर्ज फिटले आहे" असे तोंडी सांगितले होते. कर्ज खरोखरच फिटलेले होते, पण कर्जदात्याचे ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ कोणी घेतलेच नव्हते. ते मिळवण्यात माझा अख्खा हंगाम गेला आणि संत्री मला व्यापाऱ्याला बागेतच द्यावी लागली.

म्हणून विसाराची रक्कम देण्याआधी गाडीचा क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून बोजा (कर्जाची नोंद), फिटनेस प्रमाणपत्राची मुदत, विमा आणि कर कुठवर भरला आहे हे पाहा. ई-चलने किती थकली आहेत तेही पाहून घ्या. रेती वाहिलेल्या गाडीवर ती ढिगाने असू शकतात. चेसिसवरचा क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहा आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. अंक एका रेषेत नसतील किंवा त्याभोवती ताजा रंग असेल तर तेथूनच परत फिरा.

व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. मालक त्याच राज्यातला असेल तर हस्तांतर कळवण्यासाठी विकणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस कायद्याने दिलेले आहेत. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांतच अर्ज करावा लागतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी असते, त्यानंतर दरवर्षी. तुमची २०१५ ची असल्यामुळे दरवर्षीचा हा खर्च हिशेबात धरा. गाडीचे मालासह एकूण वजन आरसीवर ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, आणि साधे हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही पाहून घ्या.

हुडकेश्वरचा ग्रिलवाला

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सहा वाजता मुलाला घेऊन गेलो. इंजिनाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले, झाकण जागेवर राहिले, धूर लगेच थांबला. त्यामुळे मन अधिकच गुंतले, हे मान्य करतो.

मग मी गाडीखाली गेलो. चेसिसला आतून-बाहेरून काळा रंग मारलेला होता आणि तो अजून नखाला मऊ लागत होता. तारेच्या ब्रशने उजव्या बाजूचा तडा मोकळा केला, तो साडेतीन इंचांचा निघाला. सहज म्हणून डाव्या बाजूलाही त्याच जागी ब्रश मारला, तर रंगाखाली जुना वेल्डिंगचा जोड होता. जाड, ओबडधोबड, वरून ग्राइंडर फिरवून सपाट केलेला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो बोटानेही कळतो. त्या जोडाच्या वरच्या कडेला लागून केसासारखी रेघ होती, अगदी कामठी रोडच्या काकांनी लिहिले होते तशीच. कर्ण मोजले तेव्हा पाऊण इंचाचा फरक आला. फाळक्याच्या बिजागरीतून मुलाने मूठभर रेती काढून माझ्या हातावर ठेवली.

मालकाने ३० हजार आणखी कमी करण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणून आलो. तरी मनात रुखरुख आहे की एवढे चांगले इंजिन हातचे गेले.

वाडीचा मेकॅनिक

रुखरुख बाळगू नका. इंजिन उतरवून दुसरे चढवता येते. चेसिस बदलायचा तर त्याच्या क्रमांकामुळे कागदपत्रेच नव्याने उभी करावी लागतात, आणि ते काम साडेतीन लाखांत बसणारे नाही.

पुढची गाडी पाहताना अशा धंद्यातली शोधा, ज्यात माल मोठा दिसतो पण हलका असतो. गाद्या, कापूस, फर्निचरचा फोम, फरसाण. त्या गाड्यांचे हौदे बाहेरून खरचटलेले असतात, रंग उडालेला असतो, पण पाटे आणि चेसिस तरुण असतात. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो तोही वाचा. २३१९ असे असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे, म्हणजे नक्षी कितीही खोल दिसली तरी तो आपल्या उन्हाळ्यात फुटू शकतो.

बॉडीबिल्डर, कामठी रोड

एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगतो, कारण आपल्याच धंद्यातल्या लोकांकडून ही चूक होते. हातात मशीन असल्यामुळे आपल्याला सगळे भक्कम करण्याचा मोह होतो. तीन मिलिमीटरची चेकर प्लेट चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते. संपूर्ण हौद्याला ती टाकली आणि वरून अँगलचा पिंजरा उभा केला, तर माल भरण्याआधीच दोन-अडीचशे किलो गाडीच्या पाठीवर बसतात. तळाचा फक्त गंजलेला भाग बदला, पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवा आणि हौद्याच्या मापात किंवा उंचीत बदल करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये तो बसत नाही आणि फिटनेसला अडचण येते. वीस फुटी पाइप दुकानातच कापून घ्या, कारण साडेआठ फुटांच्या हौद्यातून मागे बाहेर निघालेले पाइप नियमातही बसत नाहीत आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीच्या उंचीवर असतात.

आणि माल नजरेने मोजू नका, काट्याने मोजा. १८ गेजचा आठ बाय चारचा पत्रा सुमारे २८ किलोचा असतो. पन्नास पत्र्यांची थप्पी वीतभरही उंच होत नाही, हौदा रिकामाच वाटतो, आणि वजन १४०० किलो झालेले असते. तुम्ही ज्या चेसिसखाली झोपून आलात, तो अशाच रिकाम्या वाटणाऱ्या हौद्यामुळे फाटला आहे.

हुडकेश्वरचा ग्रिलवाला

पाच आठवड्यांनी कळवतो आहे. पारडीकडच्या एका गादी बनवणाऱ्याकडून २०१६ सालचा, एमएच ४९ पासिंगचा, पहिल्याच मालकाचा पिकअप २ लाख ८५ हजारांना घेतला. दिसायला तो आधीच्या गाडीपेक्षा पुष्कळ वाईट होता. डाव्या बाजूचा पत्रा चेपलेला, फाळक्याची एक कडी तुटलेली, हेडलाइट पिवळी पडलेली. पण कर्णात दोन सुतांपेक्षा (पाव इंचापेक्षा) जास्त फरक नव्हता आणि चेसिसवर हातोडी मारली की घंटेसारखा नाद येत होता. बोजा नव्हता, तीन चलने थकलेली होती, ती मालकाने माझ्यासमोर भरली.

तिसऱ्या गिअरच्या परीक्षेत क्लच नापास झाला होता, त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घेतले. ते साडेनऊ हजारांत झाले. रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या नळ्यांमध्ये गाळ दगडासारखा बसलेला होता, म्हणून कोअर नवीन टाकला आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला. मागचे दोन टायर, पाट्यांचे बुश आणि ब्रेकचे लायनर धरून आतापर्यंत ४१ हजार गेले आहेत. हौद्याच्या तळाला पुढच्या कोपऱ्यात गंज होता, तेवढा दोन बाय तीनचा तुकडा माझ्या दुकानात बदलला. चेसिसला हात लावला नाही. फॉर्म २९ आणि ३० जमा झाले आहेत, विम्याचा अर्जही दिला आहे.

उद्या सकाळी लोहा ओळीतून पहिला माल आणायचा आहे. १८ गेजचे तीस पत्रे सांगून ठेवले आहेत, म्हणजे ८४० किलो. दुकानदार म्हणाला की जागा भरपूर आहे, पन्नास घेऊन जा. उरलेले वीस मी परवाच्या फेरीत आणणार आहे.